सही कोणाची, वसुली कोणाकडून?

परवा भाच्याचा अमेरिकेहून फोन आला होता. त्याची बायको तिकडच्या केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला आहे. ती कुठल्याशा परिषदेला चार दिवस परगावी जाऊन आली. परत आल्यावर तिचं प्रवासाचं बिल ऑफिसातून तीन वेळा परत आलं. एकदा हॉटेलची पावती अपुरी म्हणून, एकदा टॅक्सी का केली ते लिहिलं नाही म्हणून, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते आता मला आठवत नाही. मी आपला सहज म्हणालो, "अरे, फार छळतात बाबा तुमच्याकडेही." तर तो म्हणाला, "मामा, बिल प्रमाणित करणाऱ्याची चूक निघाली तर पैसे त्याला खिशातून भरावे लागतात. मग तो बघणारच ना!"

फोन ठेवला आणि मला आमचे शिपाईकाका आठवले. त्यांच्या एकशे शहाऐंशी रुपयांची गोष्ट मी आजवर घरातही नीट सांगितलेली नाही. आज सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

नव्वदच्या दशकात मी या जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेचं नाव सांगत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज जिल्ह्याला पोचवायचा शेवटचा दिवस होता. आदल्या रात्री पाऊस झालेला, नदीला पाणी आलेलं, एस.टी. बंद. मी काकांना म्हटलं, "काहीही करा, जीप करा, पण चाळीस पोरांचे अर्ज आज पोचले पाहिजेत." काका चिखल तुडवत पलीकडच्या गावापर्यंत गेले, तिथून जीप ठरवली, पदरचे दोनशे वीस रुपये दिले, अर्ज पोचवून रात्री नऊला परत आले. भिजलेले होते, पण अर्जांची पिशवी कोरडी ठेवली होती असं सांगून हसले. पुढे रीतसर फिरतीचं बिल झालं. बिल लिपिकाने लिहिलं, सही मी केली, काकांना पैसे मिळाले. विषय संपला असं सगळ्यांनाच वाटलं.

तीन वर्षांनी लेखापरीक्षण आलं. (आमच्याकडे लेखापरीक्षण हे पाहुण्यासारखं येतं, कधी येईल सांगता येत नाही आणि आलं की सगळ्यांची धावपळ.) त्यांनी मुद्दा काढला की खासगी वाहन वापरण्याचं कारण बिलावर नमूद नाही, एस.टी.च्या जाण्यायेण्याच्या भाड्याचे चौतीस रुपये ग्राह्य, फरकाचे एकशे शहाऐंशी रुपये वसूल करावेत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कारण लिहायला हवंच होतं. 'पुरामुळे एस.टी. बंद, अर्जाची अंतिम तारीख, म्हणून जीपला परवानगी दिली' एवढी एक ओळ. ती कोणी लिहायची होती? काकांनी? ते चौथी शिकलेले. ती ओळ मी लिहायची होती. परवानगी मी दिली होती, सही माझी होती.

वसुली मात्र काकांच्या पगारातून झाली, दोन हप्त्यांत, त्र्याण्णव आणि त्र्याण्णव.

मी काय केलं? काही नाही. खरं तर अनुपालन अहवालात ते कारण मला तेव्हाही लिहिता आलं असतं. पण नोकरीतल्या माणसाला ठाऊक असतं की खुलासा लिहिला की उलट प्रश्न येतो, आणि 'रक्कम वसूल केली आहे, मुद्दा वगळण्यात यावा' असं लिहिलं की मुद्दा खरोखरच वगळला जातो. मी दुसरा मार्ग धरला. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त पुढच्या वेळी जिल्ह्याला जायला सांगितलं तेव्हा माझ्या टेबलाशी उभं राहून म्हणाले, "सर, तेवढं लिहून देता का?" आणि नंतर माझ्या बदलीपर्यंत प्रत्येक वेळी लिहून घेऊनच गेले. अगदी पोस्टात जायचं असलं तरी!

आता हा एका मुख्याध्यापकाचा भेकडपणा झाला, त्यात व्यवस्थेचा काय दोष, असं कोणी म्हणेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसे मी हे नियम वाचत गेलो (या वयात लोक ज्ञानेश्वरी वाचतात, आमच्या घरी यावरून थट्टा होते), आणि माझ्या लक्षात आलं की नियमांत सही करणाऱ्याची जबाबदारी अगदी स्वच्छ लिहिलेली आहे. फक्त ती वसूल करायची सवय आपल्याला नाही.

केंद्र सरकारचे जे पूरक नियम आहेत त्यांत प्रवासभत्त्याच्या बिलावर प्रतिस्वाक्षरी करणाऱ्याला नियंत्रक अधिकारी म्हटलं आहे, आणि त्याची कर्तव्यं सांगितली आहेत. हा प्रवास मुळात गरजेचा होता का, इतक्या वेळा जायची आवश्यकता होती का, मुक्काम विनाकारण लांबवला का, अंतर बरोबर लावलं आहे का, हे सगळं त्याने सही करण्याआधी पाहायचं आहे. म्हणजे सही ही नुसती पोच नाही. ती 'मी तपासलं आहे' अशी साक्ष आहे. केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांत तर आणखी पुढची गोष्ट आहे. अधिकाऱ्याच्या लबाडीने किंवा निष्काळजीपणाने सरकारचं नुकसान झालं तर तो स्वतः जबाबदार. आणि नुकसान दुसऱ्याच्या चुकीने झालं असेल, पण त्याला याच्या कृतीचा किंवा हलगर्जीपणाचा हातभार लागला असेल, तर तेवढ्यापुरता हाही जबाबदार. आपल्या राज्यात १९७९चे शिस्त व अपील नियम आहेत. त्यांतही हलगर्जीपणाने झालेलं आर्थिक नुकसान पगारातून वसूल करणं ही शिक्षा आहेच.

आणि याच्याही आधीचं सांगतो. १९३०चा मुंबईचा स्थानिक निधी लेखापरीक्षा कायदा. गोऱ्या साहेबाच्या काळातला. त्यात बेकायदा खर्चाचा बोजा खर्च करणाऱ्यावर टाकता येतो, तसाच तो खर्च मंजूर करणाऱ्यावरही टाकता येतो. ही कल्पना इंग्लंडातून आली. तिकडे ऑडिटर बेकायदा खर्चाची रक्कम थेट नगरसेवकांच्या नावावर चढवू शकत असे. २०००च्या कायद्याने त्यांनी ती पद्धत बंद केली. तर सांगायचा मुद्दा, मंजुरी देणाऱ्याच्या खिशाला हात घालायची सोय आपल्याकडे जवळजवळ शंभर वर्षांपासून आहे.

मग हात खालच्याच खिशात का जातो?

माझ्या मते याचं मोठं कारण वेळ हे आहे. बिल आज होतं, लेखापरीक्षण तीन-चार, कधी सहा-सात वर्षांनी होतं. तोवर मंजुरी देणारे साहेब बदलून जातात, बढती घेतात किंवा निवृत्त होतात. निवृत्त झाले की १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांतला सत्ताविसावा नियम आडवा येतो. नोकरीत असताना चौकशी सुरू झालेली नसेल, तर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेसाठी निवृत्तीनंतर ती सुरू करता येत नाही. निवृत्त माणसाला म्हातारपणी जुन्या फायलींसाठी छळू नये हा त्यामागचा हेतू चांगला आहे, मी स्वतः पेन्शनर आहे, मला तो नियम हवाच आहे. पण लेखापरीक्षण सहा वर्षांनी आणि मर्यादा चार वर्षांची, तर सापडणार कोण? जो अजून त्याच टेबलाशी बसलेला आहे तो. लिपिक, शिक्षक, शिपाई. त्याचा पगार त्याच कार्यालयातून निघतो, त्यामुळे कापायलाही सोपा.

खालच्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने थोडं कवच दिलं आहे, हे कबूल केलं पाहिजे. पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह या २०१४च्या निकालात तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चुकून जास्त दिलेल्या रकमांची वसुली करू नये असं सांगितलं गेलं. पुढे २०२२मध्ये केरळमधले एक निवृत्त शिक्षक थॉमस डॅनियल यांच्या बाबतीतही तसाच निकाल झाला. ते १९९९मध्ये निवृत्त झाले होते. म्हणजे तेवीस वर्षं! पेपरात ते वाचताना मला त्या माणसाला पत्र लिहावंसं वाटलं होतं. हे दोन्ही निकाल पगार-भत्ते चुकून जास्त दिले गेल्याबद्दलचे आहेत, प्रवासाच्या बिलाचे नव्हेत, पण तत्त्व तेच: ज्याने लबाडी केलेली नाही आणि ज्याच्या हातात निर्णय नव्हता, त्याला वर्षांनंतर पिळू नका. चांगलंच झालं. पण बघा हं, खालच्याकडून वसूल करू नका म्हटल्यावर ते पैसे वरच्याकडून आले का? नाही. ते सरकारच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या खात्यावर गेले.

खरं तर वरच्याकडून वसूल करावं हेही सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. १९९३चा लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता हा निकाल. सामान्य माणसाला अधिकाऱ्यांच्या मनमानीमुळे झालेल्या त्रासाची भरपाई सरकारी तिजोरीतून द्यावी लागली, तर ती पुढे जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावी, असा त्याचा आशय आहे. तो प्रवासाचा खटला नव्हता, घराचा होता. पण विचार लागू पडतो.

आता आपल्या गावाकडे येतो. १६ सप्टेंबर २०२३ला मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त इथे राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. सात वर्षांनी झाली, आधीची २०१६ची. (तेव्हा गाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. माझ्या तोंडून अजून दोन्ही नावं येतात, वाचकांनी सांभाळून घ्यावं.) बैठकीआधी काही दिवस पेपरांत याद्या छापून आल्या. कुठल्या हॉटेलात किती खोल्या, पंचतारांकित हॉटेलातल्या एका सुटचं भाडं बत्तीस हजार रुपये, बाहेरून मागवलेल्या गाड्या. त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस नव्हता, खरिपाची पिकं करपत होती, त्यामुळे लोकांना ते जास्तच लागलं. विरोधकांनी आवाज उठवला आणि मग मुख्यमंत्र्यांचा मुक्काम हॉटेलात नसून सुभेदारी विश्रामगृहात असेल असं जाहीर झालं.

आमच्या कट्ट्यावर तेव्हा यावर आठवडाभर चर्चा झाली. एक गट म्हणे, ठीक आहे, पाहुणे आले की खर्च होतोच, मराठवाड्यासाठी हजारो कोटींचं पॅकेज जाहीर झालं ते बघा. दुसरा गट म्हणे, ही उधळपट्टी आहे. दोन्ही गट मंत्र्यांबद्दल बोलत होते. मी विचारलं, "या खोल्यांना मंजुरी देणारी सही कोणाची?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणालाच ठाऊक नव्हतं. सुभेदारी रिकामी असताना हॉटेलची गरज आहे असं कोणीतरी कागदावर लिहिलं असेल ना? किंवा लिहिलं नसेल. नसेल लिहिलं तर ती माझी आणि काकांचीच गोष्ट झाली, फक्त शून्यं जास्त. आणि लिहिलं असेल, तर कदाचित त्याचं कारण योग्यही असेल! एवढ्या अधिकाऱ्यांची सोय एका विश्रामगृहात होत नाही, हे साधं कारण मला पटलंही असतं. पण ते कारण आणि त्याखालचं नाव लोकांसमोर येत नाही, म्हणून मग बत्तीस हजार हा आकडा तेवढा उरतो.

मोठ्या पदांचं तर विचारूच नका. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना त्यांच्या बारा परदेश दौऱ्यांवर, बावीस देश, २०५ कोटी रुपये खर्च झाल्याचं २०१२मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं. त्यातले १६९ कोटी एअर इंडियाच्या विमानांचे. आपल्या जळगावच्या बाई म्हणून आमच्याकडे काहींना वाईट वाटलं, काहींना राग आला. पण राष्ट्रपती स्वतःच्या मनाने परदेशी जात नाहीत, सरकारच्या सल्ल्याने जातात. म्हणजे टीका झाली ती जाणाऱ्यावर. किती लोक बरोबर न्यायचे, कोणतं विमान घ्यायचं, हे ठरवणाऱ्या फायलीवरची नावं कोणी विचारली नाहीत.

११ फेब्रुवारी २०२१ची गोष्टही आठवत असेल. राज्यपाल कोश्यारी डेहराडूनला जायला मुंबईत सरकारी विमानात जाऊन बसले आणि परवानगीच नाही म्हणून त्यांना उतरावं लागलं. शेवटी ते नेहमीच्या प्रवासी विमानाने गेले. राजकारण काय व्हायचं ते झालं, मला त्यात पडायचं नाही. मला गंमत वाटली ती दुसऱ्या दृष्टीने. राज्याच्या सर्वोच्च पदावरचा माणूस विमानात बसेपर्यंत मंजुरी आहे की नाही हे कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं! आणि नंतर काय, तर राजभवनातल्या संबंधित अधिकाऱ्यावर जबाबदारी निश्चित करा. 'संबंधित' हा आपल्या सरकारी मराठीतला फार मोठा आडोसा आहे.

याउलट एक उदाहरण सांगतो. पैशाचं नाही, आणि प्रवासही खासगी होता, पण परवानगी सरकारी होती. टाळेबंदीत, एप्रिल २०२०मध्ये, वाधवान कुटुंबातले आणि त्यांच्याबरोबरचे मिळून तेवीस जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले. त्यांच्याजवळ गृहखात्याच्या प्रधान सचिवांचं, अमिताभ गुप्ता यांचं पत्र होतं. ते पत्र बाहेर आलं आणि एका दिवसात त्यांना सक्तीच्या रजेवर जावं लागलं, चौकशी लागली. पुढे ते परत कामावर आले, त्याच वर्षी पुण्याचे पोलीस आयुक्त झाले, ते सोडा. मुद्दा असा की त्या एका प्रकरणात 'संबंधित' हा शब्द कोणाला वापरता आला नाही, कारण कागदावर नाव होतं आणि तो कागद लोकांनी पाहिला.

भाच्याशी बोलल्यावर मी तिकडच्या कायद्याचंही थोडं वाचलं. अमेरिकेत १९४१पासून कायदा आहे. बिल प्रमाणित करणारा अधिकारी त्यातल्या माहितीला, हिशेबाला आणि कायदेशीरपणाला स्वतः जबाबदार असतो, आणि पैसे चुकीचे गेले तर ते त्याने भरायचे असतात. पण मला खरं आवडलं ते पुढचं. त्याला शंका असेल तर सही करण्याआधीच तो वर विचारू शकतो, हे देता येतं का सांगा म्हणून. आणि त्याने चांगल्या हेतूने, नीट तपासून सही केली असेल तर त्याला माफीही मिळू शकते. म्हणजे नुसता दंडुका नाही. आता तिकडेही सगळं सोन्यासारखं आहे असं नाही. टॉम प्राइस नावाचे त्यांचे आरोग्यमंत्री खासगी विमानांनी फिरत होते. बोभाटा झाल्यावर त्यांनी स्वतःच्या एका खुर्चीपुरते सुमारे बावन्न हजार डॉलर भरले आणि २९ सप्टेंबर २०१७ला राजीनामा दिला. पुढच्या वर्षी त्यांच्याच खात्याच्या महानिरीक्षकांनी हिशेब काढला, तर वाया गेलेली रक्कम तीन लाख एकेचाळीस हजार डॉलर निघाली. विमान अख्खं, भरपाई खुर्चीची!

माझे जावई सरकारी नोकरीत बऱ्यापैकी वरच्या पदावर आहेत. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "बाबा, महिन्याला माझ्यासमोर दीडशे बिलं येतात. प्रत्येकाचे पैसे माझ्या पगारातून जाणार म्हटलं तर मी एकही सही करणार नाही. मग तुमच्या त्या काकांना दोनशे वीस रुपयेही मिळणार नाहीत."

याला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. सही अडवणं हा आपल्याकडे सही करण्याइतकाच मोठा छळ आहे, आणि पूर आलेल्या दिवशी अर्ज पोचवायला माणूस पाठवावाच लागतो, नियम पाहत बसलो तर पोरांचं वर्ष जातं. भीतीने काम चांगलं होत नाही हे मास्तराइतकं कोणाला ठाऊक असणार. छडीने पाठांतर होतं, शिक्षण होत नाही.

म्हणून मी दंड मागत नाही, निदान पहिल्यांदा नाही. मी ती एक ओळ मागतो. मंजुरीच्या सहीशेजारी, सही करणाऱ्याच्याच हाताने, हा प्रवास आणि हा खर्च का, एवढं एका ओळीत. लिपिकाने टाइप केलेलं 'कार्यालयीन कामकाजास्तव' नको. ओळ असेल आणि ती प्रामाणिक असेल, तर पुढे काहीही आक्षेप निघो, सही करणाराही सुटावा आणि प्रवास करणाराही. ओळ नसेल तर पहिली वसुली सही करणाऱ्याकडून. शिपायाने खोटी पावती जोडली असेल तर ते वेगळं, तिथे शिपाई जबाबदार. पण 'कारण नमूद नाही' या आक्षेपाची रक्कम खालच्या माणसाच्या पगारातून कधीही कापू नये, कारण कारण नमूद करणं हे त्याचं कामच नव्हतं. आणि दीडशे बिलांचं म्हणाल, तर मी नोकरीत असताना शंभर पोरांच्या वह्या तपासून प्रत्येकीवर शेरा लिहीत असे. (हे जावयांना बोललो नाही. इथे लिहितोय.)

दुसरी एक साधी गोष्ट. केंद्र सरकारने २०१३मध्ये माहिती अधिकाराखाली सूचना काढल्या आहेत की मंत्र्यांचे आणि सहसचिव व त्यावरच्या अधिकाऱ्यांचे दौरे आपणहून जाहीर करावेत. कुठे गेले, किती दिवस, बरोबर किती माणसं, एकूण खर्च किती. फार चांगली सूचना आहे. त्या तक्त्यात एक रकाना वाढवावा, मंजुरी देणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. बस. आणि तोच तक्ता जिल्हाधिकारी कार्यालयाने, जिल्हा परिषदेने, महापालिकेनेही लावावा. पुन्हा कधी इथे मोठी बैठक झाली आणि पेपरात सुटचं भाडं छापून आलं, तर कट्ट्यावर निदान चर्चा योग्य माणसाबद्दल होईल.

काका आता नाहीत. मी निवृत्त झालो त्या वर्षी त्यांच्या घरी गेलो होतो, एकशे शहाऐंशी रुपये पाकिटात घालून. त्यांनी पाकीट उघडून पाहिलं आणि आधी त्यांना कशाचे ते आठवेना. मग आठवलं. म्हणाले, "ते होय! सर, ते तर ऑडिटवाल्यांनी कापले होते." मी म्हटलं, "नाही काका, माझ्यामुळे कापले गेले." त्यांनी पैसे ठेवून घेतले. मला वाटलं होतं ते नको म्हणतील.

हे लिहून झाल्यावर जावयांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली, त्यांच्या खात्याचं नाव काढा म्हणून. काढलं आहे. त्या एका ओळीबद्दल काय वाटतं असं विचारलं, तर उद्या मुंबईला मीटिंग आहे, आल्यावर बोलू म्हणाले.